लागलीच नाही, तर ओरडू कशाला?

मला खोटारडी म्हणा, खुशाल म्हणा. मी रागावणार नाही. आमच्या हाउकिसाल्मी गावात सगळेच म्हणतात आणि काही चुकीचं म्हणत नाहीत. तळ्यातल्या एका पाईक माशानं माझ्या होडीचं इंजिन गिळलं आणि मग अख्खा उन्हाळा तो फटफट करत लोकांना या काठावरून त्या काठावर सोडत होता, हे गावभर मीच सांगितलं. एक एल्क, घोड्याएवढं ते सांबर, आमच्या सौनात, वाफेच्या न्हाणीघरात शिरला, वरच्या फळीवर जाऊन बसला आणि पाठीवर बर्चच्या डहाळ्या मारून घेतल्याशिवाय उठेचना, हेही मीच. अजून सांगते. पण ते गोष्टीत! खेळात ही राउनी कधी खोटं बोललेली नाही. आणि त्या यार्कोनं मला काय म्हणावं? थांबा, नीट सुरुवातीपासून सांगते, नाहीतर रागाच्या भरात शेवटच आधी सांगून बसेन.

चर्चच्या मागचा जुना पोहण्याचा हॉल आहे ना, तिथं मी आणि शेजारची हेल्वी रोज सकाळी पोहायला जायचो. मग नवा हॉल झाला, पार हमरस्त्यापलीकडे, आणि या जुन्यातल्या तलावाचं पाणी काढून टाकलं. एक दिवस बघतो तर आत पोरंपोरी बंदुका घेऊन फिरतायत. खेळण्यातल्या हो! एअरसॉफ्ट म्हणतात त्याला. वाटाण्याएवढी पांढरी प्लास्टिकची गोळी असते, लागली की कुणीतरी चिमटा काढल्यासारखं होतं. आम्ही दोघी खरं तर भांडायला गेलो होतो, आमच्या हॉलमध्ये हे काय चालवलंय म्हणून. गेलो त्या तिथल्याच झालो. पुढच्या शनिवारी तोंडाला जाळी आणि डोळ्यांना गॉगल लावून हजर.

"अगं, आपल्याला नाही जमायचं," हेल्वी म्हणत होती. "गुडघे बघ आपले."

"गोळ्या काय गुडघ्यांनी मारायच्यात?"

आणि जमलं की! लहान लहान खोल्यांतला हा खेळ पळणाऱ्याचा नाहीच मुळी, दमानं चालणाऱ्याचा आहे. बंदूक आखूड हवी. मी माझ्या बंदुकीचा मागचा दांडा दुमडूनच ठेवते. कोपरं अंगाशी घट्ट. कोंबडीसारखे पंख पसरलेत तर दारातून आधी तुमचं कोपर आत जातं आणि मग तुम्ही, आणि तोवर कोपराला बसलेली असते. भिंतीच्या उजव्या कडेनं डोकवायचं तर बंदूक उजव्या खांद्याला, डाव्या कडेनं तर डाव्या. दारात धाडकन घुसायचं नाही. केक कापावा तशी खोली बाहेरूनच फोडीफोडीनं बघत जायची. गोळ्या संपल्या तर मान खाली घालून खिसे चाचपत बसायचं नाही, बंदूक गळ्यातल्या पट्ट्यावर सोडून द्यायची आणि कमरेचं पिस्तूल काढायचं. गॉगलच्या आतून भांड्यांच्या साबणाचा एक थेंब चोळायचा, म्हणजे वाफ धरत नाही. आणि समोरचा हाताच्या अंतरावर सापडला तर त्याला गोळी मारायचीच नाही. खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, "मेलास." तो मुकाट्यानं बाहेर जातो.

पण खरी गंमत पुढे आहे. या खेळात अंगावर रंग उडत नाही, डाग पडत नाही, कोणी शिट्टी वाजवत नाही. ज्याला लागली त्यानंच हात वर करायचा, "लागली!" म्हणून ओरडायचं आणि बाहेर जाऊन बसायचं. आमच्या हॉलमध्ये तर टप्पा खाऊन आलेली गोळीही धरतात, कारण चहूकडे फरशी, सरळ कुठली आणि टप्प्याची कुठली कोण सांगणार? म्हणजे सगळा खेळ त्या एका शब्दावर उभा. जो ओरडत नाही त्याच्याशी कोणी बोलत नाही, त्याच्या शेजारी कोणी बसत नाही, आणि मग त्याला पुन्हा आत घेत नाहीत.

आता यार्को. पस्तिशीचा गडी, फर्निचरच्या दुकानात कपाटं जोडून देतो. आमच्या हॉलमधला सगळ्यात नटलेला माणूस. हेल्मेट, कानांवर झाकणं, अख्ख्या चेहऱ्याचा मास्क, छातीवर-पाठीवर गादीएवढं जाड जाकीट, हातमोजे, गुडघ्यांना वाट्या. त्याला नुसतं तयार व्हायलाच एवढा वेळ लागतो की तेवढ्यात मी एक खेळ खेळून, मरून, कॉफी पिऊन परत येते. बंदुकीवर नेम धरायला आतून लाल ठिपका दाखवणारी काच. तो मास्क एवढा फुगीर की गाल बंदुकीला टेकेना, ठिपका दिसेना. मग त्यानं काय करावं? काचेखाली ठोकळा बसवून ती चार बोटं वर उचलली. "आता मान ताठ ठेवून नेम धरता येतो," असं सगळ्यांना दाखवत हिंडत होता.

तर एका शनिवारी तो तिकिटाच्या काउंटरमागे दबा धरून बसलेला आणि मी समोर, बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीच्या दारात. फारसं अंतर नाही, मधे एक गाडी जेमतेम उभी राहील. त्यानं काउंटरच्या फळीवरून डोकं काढलं आणि ठक, ठक, ठक, ठक! मी श्वास धरून उभी. म्हटलं लागणार आता. काही लागलं नाही. मी अंगावरून मनातल्या मनात हात फिरवला. नाही. मग तो गोळ्यांचं मॅगझिन बदलायला खाली वाकला तशी मी भिंतीच्या कडेकडेनं गेले, काउंटरला वळसा घातला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मेलास, बाळा."

तो असा उसळला, जणू मी त्याच्या मानेत बर्फ टाकलाय. "मी मेलो? आजी, तुम्हाला आख्खं मॅगझिन घातलंय मी! ठिपका तुमच्या छातीवर होता!"

"ठिपका असेल. गोळी नव्हती."

"आवाज नाही ऐकला? ठक ठक ठक!"

"ऐकला. ऐकला म्हणजे लागली का? चर्चची घंटाही ऐकू येते मला, ती काय माझ्या डोक्यावर पडते?"

आतून दोघं-तिघं ओरडले, आम्हीही ऐकलं, आम्हीही ऐकलं. झालं. खेळ थांबला.

बाहेर येऊन बसायची खोली आहे, तिथं सगळे मास्क काढून गोळा झाले. साना सॉसेज उलटत होती. साना म्हणजे हॉल चालवणारी मुलगी. तिथं तिचा शब्द शेवटचा. मला वाटलं यार्को मला तोंडावर चोर म्हणेल. म्हणाला असता तर बरं झालं असतं! मी त्याच्याच सॉसेजवर त्याचीच मोहरीची चटणी ओतून भांडले असते. पण नाही. त्यानं आवाज मऊ केला. मऊ! आजारी माणसाशी बोलतात तसा.

"तसं नाही, आजी. तुम्ही मुद्दाम करता असं कोणी म्हणत नाहीये. पण या वयात होतं असं. कातडी सुन्न पडते. माझ्या आईच्या मावशीला तर गरम तवा लागलेला कळायचा नाही. त्यात तुमचा तो जाड स्वेटर."

"कोण सुन्न?" मी म्हटलं.

"रागावू नका ना."

"मी रागावले तर ते तुला तळ्यापलीकडे कळेल. आत्ता मी फक्त विचारतेय. कोण सुन्न?"

कोणी बोलेना. आमच्याकडे लोक गप्प बसले की समजायचं, सगळ्यांचं एकमत झालंय. मग साना म्हणाली, आणि ती पोरगी माझी लाडकी आहे म्हणूनच जास्त झोंबलं, "राउनी आजी, तुम्ही खेळायचं की नाही ते पुढच्या शनिवारी सगळे मिळून ठरवू. आणि समजा तसंच ठरलं, तरी तुम्ही यायचं बंद नका करू हं. सॉसेज भाजायला कोणीतरी लागतंच."

सॉसेज भाजायला! मी! ज्या बाईनं गेल्या हिवाळ्यात रिकाम्या तलावात एकटीनं अठरा जण आडवे केले तिनं चिमटा घेऊन सॉसेज उलटायचे! बरं, अठरा नसतील, पाच असतील. पण पाचही जण स्वतः हात वर करून गेले होते, विचारा त्यांना.

घरी जाताना हेल्वी माझ्याबरोबर होती. बर्फ करकर वाजत होता. आमच्या फाटकापाशी आल्यावर हळूच म्हणते, "राउनी, मला तरी खरं सांग. लागली होती?"

"तूसुद्धा?"

"नाही, म्हणजे तो मासा, ते इंजिन..."

"इंजिनाचं वेगळं! इंजिनासाठी कोणी बाहेर जाऊन बसत नाही!"

दार आपटून आत गेले. पण तुम्हाला सांगते, आत जाऊन मी स्वेटर काढला आणि आरशासमोर उभी राहिले. दंडाला चिमटा काढला. कळला. खांद्याला काढला. तोही कळला, पण मनात आलं, मीच काढतेय म्हणून कळतोय की काय? खरंच लागल्या असतील आणि मला समजलंच नसेल तर? खोटारडी असते तर मला ठाऊक तरी असतं. हे सुन्नपण मेलं असं की ज्याला होतं त्यालाच पत्ता नसतो. त्या यार्कोनं माझ्याच अंगावर मला संशय घ्यायला लावला. याचा मला जो संताप आला तो सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी हेल्वी आपणहून आली. हातात वाटाण्याएवढ्या, गोठलेल्या लिंगनबेरींची वाटी. म्हणाली, "स्वेटर घाल, तोंड भिंतीकडे कर."

"कशाला?"

"कर म्हणते ना."

मी भिंतीकडे तोंड केलं. ती स्वयंपाकघराच्या दुसऱ्या टोकाहून एकेक बेरी भिरकवायला लागली. कधी लगेच, कधी मुद्दाम थांबून, कधी नुसताच हात हलवून. जेवढ्या पाठीला लागल्या तेवढ्या वेळा मी "लागली!" ओरडले. मधेच एक चुकली आणि मांजराला बसली तेव्हा मी गप्प होते, मांजर ओरडलं.

"बाई, तू काही सुन्न नाहीस," हेल्वी म्हणाली आणि उरलेल्या बेरी आम्ही लापशीवर घालून खाल्ल्या. "मग मेल्याच्या गोळ्या गेल्या कुठं?"

तेच तर! लोकरीवर गोळी बसली तर ठक असा आवाज येईल का? पण हे त्या दिवशी सुचलं नाही मला. रागात माणसाला नेमकं तेवढंच सुचत नाही.

पुढच्या शनिवारी मी गेले ती सरळ सानासमोर. "हात वर करून ठरवण्याआधी मला उभं करा. तेच दार, तोच काउंटर, तीच त्याची बंदूक. मारू दे त्याला."

"आजी, कशाला उगाच," यार्को म्हणाला.

"का रे? नेम चुकेल?"

सगळे हसले, त्याला यावंच लागलं. मी गॉगल आणि जाळी घट्ट केली. जाकीट काढलं. स्वेटर काढला. आत माझा उन्हाळी ब्लाऊज होता, पिवळ्या फुलांचा, पातळ, बिनबाह्यांचा. खिडक्यांना आतून बर्फ धरला होता. एवढी थंडी की... नको, आज सगळं खरंच सांगायचं ठरवलंय. थंडी होती.

"आजी, दुखेल हो!" साना घाबरली.

"सुन्न माणसाला काय दुखायचंय? मारा."

मी दारात उभी. सगळी मंडळी मास्क लावून माझ्या बाजूच्या भिंतीला चिकटून, डोळे माझ्या ब्लाऊजवर. हेल्वीला गर्दी आवडत नाही म्हणून ती एकटी तिकडे, यार्कोच्या मागे जाऊन उभी राहिली. यार्कोनं फळीमागून डोकं काढलं, मान ताठ, काच वर.

ठक. ठक. ठक.

मी गप्प.

"ऐकलंत?" तो ओरडला. "सगळ्यांनी ऐकलं ना?"

ठक. ठक.

मी गप्पच. ब्लाऊज पातळ, हात उघडे, आणि तरी काही कळत नव्हतं. आजूबाजूची पोरं एकमेकांकडे बघायला लागली, अशा नजरेनं की बिचारी. बिचारी! साना तर माझा दंड धरून उजेडात बघायला लागली, लाल ठिपका कुठं उठलाय का. एकही नव्हता.

ठक.

"लागली!"

मी नव्हे. हेल्वी! यार्कोच्या मागे उभी असलेली हेल्वी हात वर करून ताठ उभी. "मला लागली. हनुवटीला, जाळीवर. कोण मारतंय मला?"

सगळ्यांची डोकी फिरली. तिच्या आजूबाजूला तर यार्कोशिवाय कोणीच नव्हतं, मागे फक्त भिंत.

"परत मार," साना त्याला म्हणाली, आणि या वेळी ती काउंटरच्या आत जाऊन त्याच्या बाजूला उभी राहिली. त्यानं मारली. ठक. सानानं त्याची नळी हातानं खाली दाबली आणि फळीच्या आतल्या अंगावरून बोट फिरवलं. मग कपाळावर हात मारून घेतला.

"यार्को, तुझी काच फळीच्या वर आहे. नळी फळीच्या खाली आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे तुला आजी दिसतायत. पण तू मारतोयस काउंटरला."

काचेखाली ठोकळा लावून डोळा चार बोटं वर नेला होता ना, पण नळी बिचारी होती तिथंच राहिली! लांबच्या माणसाला मारताना त्यानं बिघडत नाही, पण फळीवरून डोकवायचं तर डोळा मोकळा आणि नळीचं तोंड लाकडाला. फळीच्या आतल्या बाजूला देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले होते, सगळे नवे. तो खाली वाकून बघायला गेला आणि त्याच्या जाकिटाच्या टोपीतून पांढऱ्या गोळ्या टपटप फरशीवर पडल्या. थांबेचनात! बादलीभर तरी असतील. बरं, मूठभर.

सगळे हसायला लागले. मी नाही हसले. मी स्वेटर घातला, सावकाश, एकेक बाही नीट ओढून, आणि काउंटरपाशी गेले.

"साना, या हॉलमध्ये टप्पा खाऊन लागलेली गोळी धरतात ना?"

"धरतात, आजी."

"म्हणजे त्या शनिवारी यार्कोला लागल्या. आजही लागल्या. यानं एकदा तरी हात वर केला?"

हसणं बंद झालं. यार्को लालेलाल. "आजी, मला... एवढं जाड जाकीट... मला जाणवलंच नाही."

"जाणवलंच नाही?" मी आवाज मऊ केला. आजारी माणसाशी बोलतात तसा. "होतं रे बाळा असं. वय झालं तुझं."

कोणीतरी शिंकल्यासारखं हसलं. यार्को बुटांकडे बघत म्हणाला, "हं."

"हं म्हणजे काय?"

"हं म्हणजे... चुकलं माझं."

"कोणतं? मला लागली होती असं म्हणालास ते, की सुन्न म्हणालास ते? लागल्याचं मी माफ करते, तुझा डोळा तुला फसवत होता. पण सुन्न? तेव्हा तुझा डोळा नव्हता, तुझं तोंड होतं. आणि बाकीचे तुम्ही! ऐकलं म्हणे आवाज! एकाच्या तरी डोक्यात आलं का, म्हातारी काय लाकडाची आहे ठक वाजायला? मला सॉसेज भाजायला बसवणार होतात. खोटारडं म्हणायचं धाडस नाही म्हणून म्हातारी म्हणालात. पुढच्या वेळी सरळ खोटारडी म्हणा, मग आपण समोरासमोर भांडू!"

साना म्हणाली, "चुकलं, आजी." मग एकेक करून सगळे म्हणाले, भिंतीला चिकटल्या जागेवरून, इतकं हळू की सगळ्यांचं मिळून एका माणसाएवढंच ऐकू आलं. आमच्याकडे एवढं म्हणजे खूपच झालं. हेल्वी मात्र अजून हात वर करून उभी होती.

"अगं, खाली कर आता."

"मला लागली ना पण. बाहेर जायचं की नाही?"

मग खेळ सुरू झाला. हातांना फडकी बांधून दोन बाजू झाल्या, मी निळ्यात, यार्को पांढऱ्यात. त्यानं ठोकळा काढून काच खाली केली होती आणि नेम दिसत नाही म्हणून त्याचा फुगीर मास्कही बदलला होता. मी शॉवरच्या बोळात शिरले. तिथं दिवे नाहीत. नळांच्या ओळीमागून दोन फोडी बघितल्या, तिसरी बघायला पाय पुढे टाकला आणि मागून कुठूनतरी फट फट झालं. टाचेला बसली. पातळ रबरी बुटाच्या मागच्या शिवणीवर, बरोबर घोट्याखाली.

बोळात काळं कुत्रं नव्हतं. कोणी पाहिलं नव्हतं. मारणाऱ्यानंही पाहिलं नव्हतं, तो नुसता अंधारात चाचपत होता. आणि माझ्यासमोर, पुढच्या दारात, पांढऱ्यांची तीन माणसं पाठ करून उभी होती, अशी छान की एकेकाच्या खांद्यावर नुसता हात ठेवायचा. आत्ताच कुठं सगळ्यांच्या माफ्या घेऊन आले होते मी, निदान एक शनिवार तरी मला जिंकू द्यायचं! जिंकायला पाच पावलं उरली असतानाच मारायचं होतं?

"लागली!" मी ओरडले. एवढ्या जोरानं ओरडले की ती तिघं उडाली आणि आमच्याच बाजूच्या एकीनं घाबरून हात वर केला.

बोळाच्या तोंडाशी यार्को आला. "कोणाला लागली?"

"मला. तुझीच."

"नाही आजी, मी तर फरशीवर मारत होतो, अंदाजानं. तुम्ही दिसतच नव्हतात."

"टाचेला लागली."

"जाऊ द्या ना, खेळा तुम्ही. झालं ते झालं, आता उगाच माझ्यासाठी मोठेपणा नको."

"मोठेपणा?" मी बंदूक पट्ट्यावर सोडली आणि भिंतीला धरून एका पायावर उभी राहिले. "मोठेपणा म्हणतोस? इकडे ये. बूट काढते. टाच बघ. लागली म्हणते ना मी!"